वहीत नसलेलं देणं

१ एप्रिल २०१९ला ‘इंड एएस ११६’ हे मानक लागू झालं. तोवर बऱ्याच भाडेकरारांची पुढची बांधिलकी ताळेबंदात नसे, टिपांत असे. आता तिचं आजचं मूल्य देणं म्हणून लिहावं लागतं, आणि वापराचा हक्क मालमत्ता म्हणून.

नोकरीच्या पहिल्या वर्षी शिरोलीच्या एका कारखान्यासाठी मी हा हिशेब करणारा कोड लिहिला. रुपयाही न हलता देणी फुगली. मग आदल्या दिवशीचा ताळेबंद खोटा होता? नियमाने नव्हता. पण नियम पाळला म्हणजे खरं सांगितलं, असं नाही.

माझी इंजिनिअरिंगची फी काकांनी उसाच्या बिलातून भरली. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लिहिलेलं कुठेच नाही. लिहिल्याने देणं वाढत नाही. फक्त ते नसल्यासारखं वागता येत नाही. मी अजून लिहिलेलं नाही.