हिशोबाबाहेरची कंपनं

'ऊर्जा वाया गेली' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. माझा आक्षेप 'वाया' या शब्दाला आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने ग्राफीनचे ढोल बनवले. त्यांवरचं काम 2016 मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त छापून आलं. ढोल म्हणजे पथकातलाच डोळ्यांपुढे आणा. फक्त पान कार्बनचं, रुंदी काही मायक्रॉन. असं पान अनेक पद्धतींनी थरथरतं : कधी सगळं एकदम वरखाली, कधी अर्धं वर नि अर्धं खाली. प्रत्येक पद्धत म्हणजे एक 'मोड', प्रत्येकाची वारंवारता वेगळी. कंपन बारीक असेल तर मोड एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण पान एकच आहे. एक मोड जोरात हलला की पानाचा ताण बदलतो आणि दुसऱ्याचीही वारंवारता सरकते. या गटाने दोन वारंवारतांमधल्या फरकाइतक्या गतीने तो ताण विजेने हलवला. मग एका मोडची ऊर्जा दुसऱ्यात जाऊ लागली, परतही येऊ लागली.

आता समजा, आपण फक्त पहिला मोड मोजतोय. आलेखात ऊर्जा घटलेली दिसेल आणि आपण लिहू, 'घट'. ती तर शेजारीच आहे! उष्णतेचंही तसंच. उष्णता म्हणजे अणूंची असंख्य कंपनं. ती एकेक मोजता येत नाहीत म्हणून सगळ्यांना मिळून एक नाव. ती ऊर्जा पुन्हा गोळा करणं अवघड, पण नाहीशी ती होत नाही.

काय मोजायचं हे प्रयोगशाळेत उपकरण ठरवतं. चाकणमध्ये माणसं ठरवतात. इथल्या वाहन उद्योगाची शिस्त 'जस्ट-इन-टाइम'ची : सुटा भाग लागेल तेव्हाच दारात यावा. कारखान्याच्या कागदावर साठा घटतो. प्रत्यक्षात तो पुरवठादाराच्या शेडमध्ये आणि रस्त्यावरच्या ट्रकमध्ये असतो. ट्रक तळेगाव चौकात अडकतो, त्यामागे सेकंड शिफ्टची बस, तिच्यामागे शाळेची व्हॅन. आम्ही सॉफ्टवेअरवाले याच साखळीचे डॅशबोर्ड बनवतो. कोणता कॉलम ठेवायचा, हे ठरवायच्या मीटिंगला ट्रक ड्रायव्हर नसतो.

कुणी म्हणेल, सगळंच मोजत बसलो तर कारखाना चालेल कसा? रास्त आहे, काहीतरी बाहेर ठेवावंच लागतं. पण बाहेर ठेवलेल्याला 'नाहीच' म्हणणं वेगळं. शिवाय ग्राफीनच्या पानावर गेलेली ऊर्जा परत येते. चौकात बसून घालवलेले दोन तास त्या ड्रायव्हरला कोण परत देणार?