जन्माची तारीख, कर्माची तारीख

शाळेच्या परिपाठात दिनविशेष वाचतात तेव्हा खेळाडूच्या नावापुढे बहुधा जन्मतारीखच असते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाट्याला अशा दोन मानाच्या तारखा आल्या आहेत: 7 ऑक्टोबर 1978, श्रीरामपूरचा झहीर खान, 6 जून 1988, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. पण जन्म ही कुणाची कमाई नव्हे. ज्या दिवशी माणसाने स्वतः काहीच केले नाही, तो दिवस साजरा करताना आपण गौरव नेमका कशाचा करतो? शिर्डीच्या साईबाबांची जन्मतारीख निश्चित ठाऊक नाही. 1918च्या विजयादशमीला त्यांनी देह ठेवला, त्या तिथीला उत्सव होतो आणि भक्तीत काही उणे पडत नाही. मग खेळाडूच्या नावापुढेही जन्माऐवजी कर्माची तारीख का असू नये?

रामनवमी, गोकुळाष्टमी हे जन्मोत्सवच ना, असे कुणी म्हणेल. पण अवतार स्वेच्छेने, कार्य ठरवून येतो, अशी श्रद्धा आहे. माणसाचा जन्म तसा नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कर्माची तारीख म्हणजे अखेर विजयाची तारीख, आणि फळाची आस धरू नये हे तर गीताच सांगते. तिच्यावरची ज्ञानेश्वरी याच जिल्ह्यात, नेवाशाला सांगितली गेली. म्हणूनच पराभवाचीही तारीख लिहायला हवी. 19 डिसेंबर 2020 रोजी ॲडलेडच्या कसोटीत भारताचा डाव 36 धावांत आटोपला. रहाणे शून्यावर बाद. कर्णधार कोहली मायदेशी परतला, कर्णधारपद रहाणेकडे आले, मेलबर्नला त्याने 112 धावा काढल्या आणि बरोबर महिन्याने, 19 जानेवारी 2021 रोजी, ब्रिस्बेनची कसोटी तीन गडी राखून जिंकत भारताने मालिका 2-1 अशी खिशात घातली. झहीरच्या 2003च्या विश्वचषक अंतिम सामन्यातल्या पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या. 2011च्या स्पर्धेत त्याने 21 बळी घेतले. हाती काय लागेल याची खात्री नसताना माणूस पुन्हा चेंडू हातात घेतो, हे जन्मतारखेत कुठे दिसणार?

आपल्याच मातीतला म्हटले की पोरांना हुरूप येतो, हे मी नाकारत नाही. पण जन्म गिरवता येत नाही, सराव गिरवता येतो. कुस्तीगीर खाशाबा जाधवांचा 15 जानेवारी हा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन आहे, तो राहू द्या. मात्र 23 जुलै 1952ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, तो दिवसही तितक्याच मानाने पाळा.