‘गुड फॉर नथिंग’

आपल्या सुशिक्षित घरांतून जे इंग्रजी शब्दप्रयोग कायमचे वस्तीस आले आहेत, त्यांत ‘गुड फॉर नथिंग’ हा एक होय. परीक्षेत नापास झालेला मुलगा, पहिल्याच पावसाळ्यात मोडलेली छत्री, बढती हुकलेला जावई, अशा परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या विषयांना तो सारख्याच सहजतेने लावला जातो. ‘कुचकामी’ म्हणावयास ज्यांची जीभ अडखळते तेही हा प्रयोग बेधडक करतात. परभाषेतून दिलेली शिवी आपल्या खाती जमा होत नाही, अशी आपली समजूत असावी.

या तीन शब्दांत महत्त्वाचा शब्द मधला. कोणतीही वस्तू नुसती ‘गुड’ नसते, ती कशासाठी तरी ‘गुड’ असते. हे ‘फॉर’ सांगतो. शेवटचा ‘नथिंग’ मात्र फार मोठा दावा करतो. जगातील यच्चयावत् प्रयोजने तपासली आणि त्यांपैकी एकासही ही वस्तू उतरली नाही, असा त्याचा अर्थ. इतका शोध कोणीच घेतलेला नसतो. बोलणाऱ्याच्या मनात प्रयोजन एकच असते, व ते त्याचे स्वतःचे. ते उघड न सांगता तो ‘नथिंग’ म्हणतो आणि आपल्या गरजेला साऱ्या जगाच्या निवाड्याचे रूप देतो.

आपले मराठी शब्द निदान आपले माप लपवीत नाहीत. ‘कवडीमोल’, ‘दमडीचा’ हे बाजाराचे शब्द. आणि कवडी काय, दमडी काय, दोन्ही एके काळी खरोखरच चालत होत्या. ‘कुचकामी’ हा काम करवून घेणाऱ्याचा शब्द. ‘टाकाऊ’ या शब्दात तर वस्तूचे वर्णनच नाही, टाकणाऱ्याचा बेत तेवढा आहे. आणि ज्याला मुळीच मोल द्यावयाचे नाही, त्याला आपण तृणवत् लेखतो.

या शेवटच्या शब्दाची परीक्षा पाहावयाची असेल तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात जावे. तेथे अमाप वाढणारा बांबू हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वृक्ष नव्हे, तृणच होय. भात, ज्वारी व ऊस यांचा तो सगोत्र. या तृणावर तेथील माणसाचे घर उभे राहते, त्याचेच कुंपण होते, त्याच्याच टोपल्या आणि सुपे होतात. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश केला आणि एका ओळीच्या बळावर गवताचे झाड झाले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याच बांबूस ‘गौण वनोपज’ म्हटले व त्यावरील हक्क वनवासी गावांस दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू बाहेर नेऊन विकण्याचा परवाना मिळेना. वनखात्याच्या लेखी तो अद्याप वृक्षच होता. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आणि ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ सालच्या दुरुस्तीने. एवढ्या काळात बांबू तिळभरही बदलला नाही. बदलला तो त्याच्याकडे पाहणारा.

‘गौण’ या विशेषणाचेही तेच. लाकडाच्या व्यापारात सागवान तेवढे कुलीन, बाकीचे सारे ‘आडजात’. मोह आडजात, तेंदूही आडजात. परंतु मोहाची फुले ज्या घरात पोटाला आधार देतात आणि ज्या घरात उन्हाळ्यातील रोख पैसा तेंदूच्या पानांवरच येतो, त्या घराने सागवानाला मुख्य व मोहाला गौण का म्हणावे? गौणत्व झाडाच्या खोडात नसते, ते हिशेबाच्या वहीत असते. आणि वही ज्याच्या हाती, त्याचा शब्द रूढ होतो.

येथवर आल्यावर वाचकास एका प्रसिद्ध सुभाषिताची आठवण होईल. जगात निरुपयोगी काही नाही, उणीव आहे ती योजकाची, असा त्याचा भाव. वस्तूंपुरता हा विचार पुरेसा आहे. माणसांच्या बाबतीतही तो पुष्कळ दूरवर नेतो, याची साक्ष त्याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आहे. १९५१ साली बाबा आमटे यांनी मूठभर कुष्ठरोग्यांसह तेथील खडकाळ माळावर आनंदवन वसविले. जमीन टाकलेली, माणसेही टाकलेली. त्याच माणसांनी विहिरी खणल्या, शेते पिकविली, इमारती उभारल्या. पुढे तेथे महाविद्यालय निघाले आणि ज्या समाजाने त्यांना वेशीबाहेर घालविले होते त्याच समाजाची मुले तेथे शिकावयास येऊ लागली. ‘नथिंग’ला याहून सणसणीत उत्तर कोणते असणार?

तरी याच उत्तरापाशी थोडे थांबले पाहिजे. ‘हा माणूस निरुपयोगी नाही, पाहा त्याने किती काम केले,’ असे आपण म्हणतो तेव्हा निकाल फिरवितो, पण माप तेच ठेवतो. मग ज्याच्या हातून विहीर खणणे कधीच होणार नाही, त्याचे काय? अंथरुणास खिळलेली वृद्धा, जन्मतः बुद्धीने अधू असलेले मूल, बोटे झडून गेलेला रोगी, यांच्या वतीने कोणता योजक उभा राहणार? सुभाषित येथे अपुरे पडते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली हा भेद मांडून ठेवला आहे: ज्याच्या जागी तितक्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, जे कशाच्याही बदल्यात देता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. माणूस दुसऱ्या वर्गातला. आनंदवनातील त्या माणसांनी पहिली कुदळ मारली त्याच्या आदल्या दिवशीही ती निर्मूल्य नव्हती. श्रमाने त्यांचे मोल निर्माण झाले नाही. इतरांना ते दिसू लागले, इतकेच.

हा भेद पुस्तकी नव्हे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून आपल्या कायद्यांत होते आणि ते वगळले गेले २०१९ साली. रोग औषधाने पुरता बरा होऊ लागल्यावरही कित्येक वर्षे ते तेथे टिकून होते. पत्नी वा पती ‘कशासाठी’ हे एकदा ठरविले, म्हणजे त्या कामातून उतरल्यावर टाकून देण्याची वाट आपोआप मोकळी होते.

तात्पर्य, वस्तूविषयी बोलताना ‘नथिंग’ या शब्दाच्या जागी आपले प्रयोजन प्रामाणिकपणे घालावे. ‘ही छत्री मला पावसात चालत नाही,’ एवढेच म्हणावे. कदाचित ती दुसऱ्या कोणाला उन्हात चालेल. माणसाविषयी बोलताना मात्र ‘नथिंग’ बदलून भागत नाही. तेथे ‘फॉर’ हाच शब्द खोडावा लागतो. परीक्षेत नापास झालेला मुलगा गणितात कच्चा असेल, आळशीही असेल. तसे त्याला स्पष्ट सांगावे, प्रसंगी रागवावेही. पण मुलगा हा कशासाठी म्हणून नसतो, आणि घरात हे त्याला कधी ऐकावयास मिळाले नाही, तर जगात इतरत्र कोठे मिळण्याचा संभव फार थोडा.