पाणी येईल, ओल नको



आजचा श्लोक: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४.

भगवंत अर्जुनाला सांगतात, इंद्रियांचा बाहेरच्या जगाशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. पण ती येतात आणि जातात, टिकत नाहीत. म्हणून ती सहन कर.

'सहन कर' म्हटलं की आपण काय समजतो? ओठ घट्ट मिटून गप्प बसायचं आणि 'मला काही फरक पडत नाही' म्हणायचं. त्यातून आपण नाम घेणारे, एकादशी धरणारे. मग राग येणं, वाईट वाटणं म्हणजे भक्तीत काहीतरी कमी आहे असंच वाटायला लागतं. पण श्लोक पुन्हा वाचा. 'यातलं काही आत येऊच देऊ नकोस' असं भगवंत कुठेच म्हणत नाहीत.

हे समजून घ्यायला आपल्या फ्लॅटची सरकती खिडकी बघा. ॲल्युमिनियमची असो की यूपीव्हीसीची, खालच्या चौकटीत काचा सरकायला ट्रॅक असतो. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी तळाशी, बारीक लांबट भोकं असतात. त्यांना इंग्रजीत 'वीप होल' म्हणतात. वीप म्हणजे रडणं, पाझरणं.

सरकती खिडकी कितीही घट्ट लावा, काच सरकायला थोडी फट लागतेच. जुलैतला वाऱ्याबरोबर येणारा तिरका पाऊस त्या फटीतून ट्रॅकमध्ये उतरतो. खिडकी बनवणाऱ्याने हे आधीच धरलेलं असतं. पाणी येणार हे मान्य करून त्याने ते जायची वाट ठेवलेली असते.

आता ही भोकं बुजली तर? वर्षभराची धूळ, कबुतरांची पिसं, रंगकामाचे थेंब त्यात अडकतात. कधी मुंग्या येतात म्हणून आपणच टेप लावतो, कुणी सिलिकॉन भरतं. वाटतं, चला, घर सुरक्षित झालं! मग पाऊस लागतो. ट्रॅक भरतो, आतल्या कडेवरून पाणी घरात उतरतं, चौकट आणि भिंतीच्या सांध्यात मुरतं. काही दिवसांनी खिडकीखालचा रंग फुगतो, पोपडे सुटतात, काळी बुरशी धरते. काच मात्र बाहेरून चकाचक!

मनाचंही असंच होतं. याच अध्यायात पुढे ६२ आणि ६३ या श्लोकांत भगवंतांनी पायरी पायरी सांगितली आहे. एखाद्या गोष्टीचं सतत चिंतन, त्यातून आसक्ती, मग कामना, मग क्रोध, मग मोह, मग स्मृतीचा गोंधळ, बुद्धीचा नाश आणि शेवटी माणसाचाच नाश. सुरुवात किती साधी आहे बघा: मनात धरून बसणं.

मॅनेजरने सगळ्यांसमोर मारलेला टोमणा. ग्रुपवर मित्राने उडवलेली टर. बाबा रागात बोलून गेले ते, 'तुझ्याकडून हीच अपेक्षा होती.' वाक्य तीन सेकंदांचं असतं. पण रात्री दोन वाजता आपण पुन्हा तो मेसेज उघडतो, पुन्हा वाचतो. दिवसा विचारलं तर 'काही नाही, मी ठीक आहे.' आणि ओल उमटते भलत्याच भिंतीवर. चिडतो आईवर, तिने फक्त 'जेवलास का?' एवढंच विचारलेलं असतं.

मग वाट कुठे ठेवायची? खिडकीचं भोक बाहेरच्या बाजूला असतं. आतल्या बाजूला पाडलं तर पाणी घरातच येणार. घरच्यांवर ओरडणं, स्टेटसवर टोमणे टाकणं ही आतली भोकं झाली.

अर्जुनही रडला. भर रणांगणात, धनुष्य टाकून. पण रडला कृष्णापुढे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव 'अर्जुनविषादयोग'. विषादालाही योग म्हटलं, कारण तो देवाकडे वाहिला.

आणि आपले ज्ञानोबा? परंपरेत सांगतात, लोकांच्या बोलण्याने दुखावून ते झोपडीची ताटी लावून आत बसले. लहानगी मुक्ताई बाहेर उभी राहून ताटी उघडायची विनवणी करत होती. तेच ताटीचे अभंग. पसायदानात अवघ्या विश्वासाठी मागणाऱ्या माउलींनाही लागलं, तर आपल्याला लागणारच. आपल्याही दाराशी एखादी मुक्ताई असेल: बहीण, मैत्रीण, कुणी जाणतं माणूस. तिला दार उघडा.

एक मात्र लक्षात ठेवा. ही भोकं पावसासाठी आहेत. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला तर प्लंबरच बोलवावा लागतो. कुणी रोज अपमान करत असेल, हात उगारत असेल, तर ते 'सहन कर'मध्ये बसत नाही. त्याच कृष्णाने अर्जुनाला 'ऊठ' असंही सांगितलंय. तिथे मदत मागणं हाच धर्म.

आजचा संकल्प:

घरासाठी: टूथपिक आणि जुना ब्रश घेऊन ट्रॅक आणि भोकं साफ करा. कपभर पाणी ट्रॅकमध्ये हळूच ओता. ते निचरून गेलं तर वाट मोकळी आहे. बाहेर मात्र वाकू नका.

मनासाठी: झोपण्याआधी पाच मिनिटं फोन लांब ठेवा. आज जे लागलं ते देवाला जसंच्या तसं सांगा. शब्द नीट जुळवायची गरज नाही. मग अकरा वेळा नाम घ्या. उद्या तेच दुःख परत आलं तर परत सांगा. पाऊस काय एकदाच पडतो?

पांडुरंगा, आमच्यावर पाऊस पडूच नये असं मागत नाही. आलेलं पाणी तुझ्या पायाशी वाहून जाऊ दे. आमच्या घरातल्या माणसांवर त्याची ओल उमटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!