बियाण्याचा भोपळा

आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो आणि कार्तिकी एकादशीला तो संपतो. आपल्या परसांतल्या भाजीचा संसारही साधारण याच महिन्यांचा. मृगाच्या आगेमागे आळीं करून दोडका, कारलें, काकडी, भोपळा यांचें बी टोकावें. श्रावणांत वेल मांडवावर चढावा. भाद्रपदांत मांडव फळांनीं वाकावा. आणि आश्विन सरतां सरतां पानें पिवळीं पडूं लागावींत, असा हा क्रम. पाऊस परतलेला असतो, हस्त-चित्रांचें ऊन तापून जातें, रात्री गार होऊं लागतात. कार्तिकीच्या वारीची तयारी आणि मांडव उतरवण्याचें काम, दोन्ही घरांत एकदमच येतात.

याच सुमारास एक प्रश्न पुष्कळ साधकांच्या मनांत उठतो, आणि कीर्तन आटोपल्यावर तो आम्हांला विचारलाही जातो. प्रश्न असा : ज्यानें आपला सगळा भार पांडुरंगावर टाकला, त्यानें पुढच्या सालाचें बी गाडग्यांत भरून ठेवावें काय? उद्यांची तरतूद करणें म्हणजे देवावर अविश्वास दाखवणें तर नव्हे? प्रश्न दिसायला भाजीपाल्याचा, पण त्याचीं मुळें दूरवर गेलेलीं आहेत. लेकीच्या लग्नासाठीं बाजूला टाकलेल्या चार पैशांना तो लागूं पडतो, आणि म्हातारपणाच्या सोयीलाही. म्हणून त्याचा विचार मळ्यांत उभें राहूनच करूं. तेथें उत्तर लवकर सांपडेल.

प्रथम मांडव उतरवण्याचें पाहूं. आश्विनाच्या शेवटीं दोडक्याचा वेल कसा असतो? खालचीं पानें वाळलेलीं, वरच्या पानांवर भुरीचा पांढरा थर, आणि शेंड्याला दोन वांकडे दोडके. घरचीं माणसें म्हणतात, "अहो, अजून दोन दोडके आहेत कीं! राहूं द्या आठ दिवस." ते आठ दिवस कांहीं संपत नाहींत. दोडक्यांसाठीं वेल राहतो, वेलासाठीं मांडव राहतो, आणि मांडवाखालची जमीन अडून पडते. त्या जमिनींत लसूण लावायचा असतो, मेथी पेरायची असते, कांद्याचें रोप टाकायचें असतें. त्यांची वेळ आपल्या दोन दोडक्यांसाठीं थांबत नाहीं. शिवाय त्या थकल्या वेलावर फळमाशी येते. ती कोवळ्या फळांत अंडीं घालते, अळ्या आंतून फळ पोखरतात, सडकें फळ गळून पडतें, आणि त्या अळ्या मातींत शिरून कोश करतात. म्हणजे मोहानें ठेवलेला वेल जागा तर अडवतोच, वर पुढच्या वेलाचा शत्रुही पोसतो. मोह म्हटला कीं आपल्याला वाडे, सोनें, मानमरातब आठवतात. पण दोन वांकड्या दोडक्यांतही तो मावतो, बरें का! उलट मोठी वस्तु सोडतांना माणूस सावध असतो. लहान वस्तूनें तो बांधला जातो तेव्हां त्याला दोरी दिसत नाहीं.

याच्या उलट दुसरी जात आहे उतावळ्यांची. दिवाळीची झाडलोट करतांना हे परसांत शिरतात आणि दिसेल तें उपटून काढतात. त्यांत भेंडीच्या वाळत आलेल्या शेंगा जातात, बियाण्याची काकडी जाते, चवळी-घेवडाही मुळासकट जातो. वास्तविक शेंगांचीं झाडें उपटूं नयेत, जमिनीलगत कापावींत. त्यांच्या मुळांवर बारीक गांठी असतात. त्या गांठींतले सूक्ष्म जीव हवेंतला नत्र धरतात. मुळें जागच्या जागीं कुजलीं म्हणजे तो कस पुढच्या पिकाला मिळतो. उतावळा त्याग असाच असतो. तो स्वच्छ दिसतो, पण ज्याचा त्याग करायचा आणि जें राखायचें, दोन्ही एकाच ढिगांत जातें. तेव्हां रोगट वेल उपटून खोल पुरावा, निरोगी पाला खताच्या खड्ड्यांत टाकावा, शेंगांचीं मुळें जमिनींत राहूं द्यावींत, आणि बियाण्याचें फळ पुरतें वाळेपर्यंत वेलावरच राखावें. एकाच मांडवाखालीं चार निरनिराळे न्याय! यालाच विवेक म्हणतात.

आतां बियाण्याकडे वळूं. दुधी भोपळा बियाला ठेवायचा तर तो आयत्या वेळीं ठेवून चालत नाहीं. त्याची साल लांकडासारखी टणक व्हावी लागते, हलवला कीं आंतल्या बिया खुळखुळाव्या लागतात. याला कित्येक आठवडे जातात. म्हणजे जें फळ भाद्रपदांत सर्वांत देखणें दिसतें, त्याच वेळीं त्याच्यावरची इच्छा सोडावी लागते.

भीमेकाठच्या एका मळ्यांत एका म्हाताऱ्या माळणीनें हा धर्म आम्हांला दोन वाक्यांत सांगितला. मांडवाला हातभर लांबीचा सरळ दुधी लोंबत होता आणि त्याच्या देंठाला तिनें लाल चिंधी बांधली होती. आम्ही विचारलें, "आजी, ही चिंधी कसली? दृष्ट लागूं नये म्हणून?"

"न्हाय महाराज. घरच्या पोरांनी तोडू न्हाई म्हून. ह्यो बियाचा हाय."

आमच्याबरोबर एक तरुण टाळकरी होता. तो म्हणाला, "अहो आजी, एवढा चांगला भोपळा बियाला कशाला? शेवटीं बारके येतील ते ठेवा कीं."

म्हातारी हंसली. म्हणाली, "बारक्याच्या पोटी बारकंच येतंया, बाबा. चांगलं आपुन खायाचं आन् किडकं म्होरल्याला ठेवायचं, ह्यो कुठला न्याव?"

सज्जनहो, या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकानें आपापल्या घरांत शोधावें. पुढच्यासाठीं आपण काय ठेवतों? शक्ति होती तोंवर सर्व स्वतःच्या भोगाला, आणि जें उरलें, थकलें, किडलें तें देवाच्या आणि लेकरांच्या वाट्याला, असा बहुतेकांचा हिशेब असतो. नामस्मरणही म्हातारपणीं करूं म्हणतात. म्हणजे शेवटचा बारका भोपळाच देवाला! म्हातारीचा न्याय याच्या नेमका उलटा आहे. भर बहरांत जें उत्तम, त्याला चिंधी बांधायची.

पण येथें पूर्वपक्ष पुन्हा उभा राहतो. योग म्हणजे जें नाहीं तें मिळणें आणि क्षेम म्हणजे मिळालेलें राखलें जाणें, असा अर्थ आम्ही पाठशाळेंत शिकलों. अनन्य भक्तांचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतो, असें गीतेच्या नवव्या अध्यायांत आश्वासन आहे. मग गाडगें भरण्याचा खटाटोप आपण कां करावा?

याचें उत्तर भोपळा फोडून पाहिला कीं मिळतें. एका पिकल्या भोपळ्यांत बिया शेंकड्यांनीं असतात. आपल्या परसाला आठ-दहा पुरतात. मग बाकीच्या कोणासाठीं? देवानें पुढच्या सालाची तरतूद यंदाच्याच फळाच्या पोटांत करून ठेवली आहे, आणि ती एका घरापुरती केलेली नाहीं. योगक्षेम वाहणें म्हणतात तें याहून निराळें काय असणार? त्यानें पदरांत टाकलेलें आपण उकिरड्यावर फेंकावें आणि वर "मी देवावर हवाला ठेवला" म्हणावें, हा विश्वास नव्हे. हा आळस आहे, आणि त्यानें विश्वासाची शाल पांघरली आहे.

बियाण्याचा सांठा आणि लोभाचा सांठा यांतला भेद ओळखायला सोपा आहे. लोभाचा सांठा जितका कुलपांत राहील तितका धन्याला बरा वाटतो. बी मात्र कुलपांत मरतें. कांद्याचें बी तर वर्ष-दोन वर्षांतच आपली उगवण गमावून बसतें. म्हणून ज्याला बी राखायचें आहे त्याला तें पेरावें तरी लागतें किंवा कोणाला द्यावें तरी लागतें. धरून ठेवण्याची सोयच त्यांत नाहीं. जें सोडण्यासाठींच राखलें, त्याला परिग्रह म्हणतां येत नाहीं. आणि देणाऱ्याचें बी बुडतही नाहीं. एखाद्या साली आपला वेल गेला, तर ज्याला मूठभर दिलें होतें त्याच्या मांडवावरून तें परत घरीं येतें.

वेदान्तांत भाजलेल्या बियाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. ज्ञानाग्नीनें कर्मबीज भाजलें कीं त्याला पुन्हा जन्माचा अंकुर फुटत नाहीं. मळ्यांतलें बी मात्र कडक उन्हांतही तापवायचें नसतें, सावलींत वाळवायचें असतें. तेव्हां कोणतें बी भाजायचें आणि कोणतें जपायचें, हें कळलें पाहिजे. "मला, माझें, माझ्यापुरतें" हें बी भाजावें. दुसऱ्याच्या मुखीं घांस जाईल तें बी जपावें. आपल्याकडून पुष्कळदां याची अदलाबदल होते, म्हणून हा खुलासा.

आणि तरतूद म्हणजे चिंता नव्हे. चिंता फळाकडे पाहते : येईल कीं नाहीं, किती येईल, भाव काय मिळेल? तरतूद जमिनीकडे पाहते : आळें खणलें कीं नाहीं, खत कुजलें कीं नाहीं, बी वाळलें कीं नाहीं? पहिलींतलें कांहींच आपल्या हातीं नाहीं. दुसरींतलें सगळें आजच्या आज करण्यासारखें आहे. कर्मावर अधिकार आणि फळावर नाहीं, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतला सिद्धान्त माळ्याइतका स्वच्छ कोणी आचरत नसेल. आपली वारीच पहा ना. पालखीचे मुक्काम आधींच ठरलेले असतात, दिंडीची भिशी आधींच जमा होते, पालें-राहुट्यांची व्यवस्था निघण्यापूर्वीं लागते. एवढी तजवीज करणाऱ्या वारकऱ्याला कोणी अविश्वासी म्हणत नाहीं. तजवीज करून तो मोकळा होतो, म्हणून तर वाटेनें त्याच्या मुखांत नाम राहतें. ज्यानें कांहींच पाहिलें नाहीं, त्याचें चित्त चालतांना चुलीकडे असतें.

संप्रदायांत या गोष्टीला मोठा आधार आहे तो अरणच्या सांवता महाराजांचा. माढें तालुक्यांतलें हें अरण. शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५, आषाढ वद्य चतुर्दशीला महाराजांनीं तेथें देह ठेवला. त्यांना विठ्ठल मळ्यांतच भेटला, ही आपणां सर्वांची श्रद्धा. आतां विचार करा. ज्या मळ्यांत देव भेटला तो मळा दरसाल पिकत होता, आणि मळा दरसाल पिकवायचा म्हणजे बी राखणें, पाट नीट करणें, पुढच्या वाफ्याचा आज विचार करणें आलेंच. हें सर्व भक्तीच्या आड येतें, असें अरणच्या वाटेनें गेलेल्यानें तरी म्हणूं नये.

एक शंका उरते, ती आमच्या वयाच्या माणसांची. साठी उलटली, गुडघे बोलूं लागले. पुढचा मृग दिसेल कीं नाहीं याची खात्री नाहीं. मग चिंधी कोणासाठीं बांधायची? हा प्रश्न खोटा नाहीं. संध्याकाळीं परसांत एकटें बसलें कीं तो येतोच, आणि त्याला शास्त्राच्या वचनानें दडपूं नये.

त्याचें उत्तर आपल्या गळ्यांतल्या विण्याजवळ आहे. विण्याचा भोपळा कोणी खाल्लेला नसतो. पंढरपूरच्या आसपास, भीमेकाठच्या शेतांत, वाद्यांसाठीं मुद्दाम मोठे भोपळे पिकवतात; ते पुरते वाळले कीं मिरजेच्या तंतुवाद्य-कारागिरांकडे जातात. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालें. ज्यानें बी लावलें, ज्यानें पाणी घातलें, त्यानें त्या भोपळ्यांतून निघालेला सूर ऐकला असेलच असें नाहीं. सूर मात्र निघतो. अखंड हरिनाम सप्ताहांत आपण विणा हातीं घेतों तेव्हां पहाऱ्याचा नियम काय असतो? विणा खालीं ठेवायची नाहीं. आपला पहारा संपला कीं दुसऱ्याच्या गळ्यांत घालायची. घेणारा थोडा आधीं येऊन उभा राहतो. विणेकरी म्हणत नाहीं कीं माझा पहारा संपला, आतां सूर थांबला तरी चालेल. बियापासून अंकुर आणि अंकुरापासून बी, या बीजांकुराच्या परंपरेंत कोणीच पहिला नाहीं आणि कोणीच शेवटचा नाहीं. आपल्याला मिळालेलें बीही अशाच कोणा म्हाताऱ्यानें चिंधी बांधून राखलें होतें. तें आपल्यापाशीं अडूं नये, इतकेंच आपलें काम.

असो. कार्तिकीला निघण्यापूर्वीं एवढें करा. पिवळी पडलेली बियाण्याची काकडी फोडून गर एक-दोन दिवस पाण्यांत ठेवा. बुडालेल्या बिया घ्या, तरंगलेल्या पोचट त्या टाका. भेंडीच्या शेंगा उकलूं लागल्या कीं काढा. दोडका-घोसाळें वेलावरच वाळूं द्या. घोसाळ्याची जाळी अंग घांसायला होते, बी आपोआप हातांत गळतें. सगळें सावलींत वाळवून गोवरीची राख आणि कडुलिंबाचा वाळला पाला घालून कोरड्या मडक्यांत भरा. मोकळ्या झालेल्या वाफ्यांत लसूण लावा, धणे रगडून फोडून पेरा, मेथी टाका. महिन्याभरांत पहिली जुडी निघेल. मात्र जेथें वेल होते तेथें पुढल्या साली वेल नकोत, जागा बदला. आणि मडकें भरण्याआधीं त्यांतली मूठभर शेजाऱ्याच्या पदरांत घाला.

मग मांडवाचे वांसे उतरवून भिंतीला लावा, हात धुवा आणि खुशाल पंढरीची वाट धरा. पुढचा पाऊस पाडणारा विटेवर उभा आहे. त्याचें काम त्याच्याकडे, आपलें आपण केलें.

रामकृष्णहरि.