जागरणाचे ऋण

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात संयमी पुरुष इतरांच्या रात्री जागा असल्याचे म्हटले आहे. ते जागरण आत्मज्ञानाचे होय. रुग्णालयातील परिचारिकेचे जागरण मात्र देहाचे असते. आणि देह रूपकावर निभावत नाही.

शरीराचे घड्याळ सूर्याशी बांधलेले आहे. पहाटेच्या प्रहरी अंगाचे तापमान उतरते, अवधान मंदावते. नेमक्या त्याच वेळी सलाइनकडे लक्ष ठेवायचे असते, औषधाची मात्रा चुकू द्यायची नसते. सकाळी घरी परतावे, तर चूल वाट पाहत असतेच. 'होते सवय' असे म्हणतात. ती मनाला होते. देह क्वचितच पुरता वळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली अशा कामाची गणना संभाव्य कर्करोगकारकांत केली, ती उगाच नव्हे.

मग रात्रीशी जुळवून घेणे हा सद्गुण मानावा काय? १८५४ साली स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातील दिव्याने सेवेला तेज दिले. पण त्याच तेजाने दिवा धरणारीचा थकवा झाकूनही टाकला. त्याग स्वेच्छेचा असेल तरच त्याग. पाळीच्या तक्त्यावर नाव लिहून तो वसूल करता येत नाही.

रुग्णाला रात्रीही शुश्रूषा हवी, हे निर्विवाद. म्हणूनच हे जागरण एकटीचे पुण्य नसून समाजावरील ऋण ठरते. ते गौरवाने फिटत नाही. पुरेशा मनुष्यबळाने, सलग रात्रपाळ्यांना घातलेल्या मर्यादेने आणि तिच्या दुपारच्या झोपेचा मान राखूनच ते फेडावयाचे असते.