पक्षाघात, दोन हात आणि कर्तेपण

पक्षाघातानंतर अनेकदा हात हलत नाही. हलवण्याची इच्छा मात्र शाबूत असते. त्यामुळे भारतीय दर्शनांतला एक जुना वाद पुन्हा समोर येतो: हाताने घडणाऱ्या कर्माचा कर्ता कोण?

कणादाच्या वैशेषिक सूत्रांचा पाचवा अध्याय हातापासूनच सुरू होतो. आत्म्याचा संयोग आणि प्रयत्न यांमुळे हातात क्रिया उत्पन्न होते आणि हाताच्या संयोगाने मुसळ उचलले जाते, अशी तिथली मांडणी आहे. लगेच अपवादही येतो. आदळलेले मुसळ उसळते आणि त्यासोबत हात वर जातो, तेव्हा त्यामागे प्रयत्न नसून आघात असतो. हात हलला म्हणजे कोणी हलवलाच असे नाही, हे सूत्रकाराने अचूक हेरले आहे. पक्षाघात याच्या उलट प्रसंग दाखवतो: प्रयत्न आहे, क्रिया नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे दिली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. इथे ती यादी अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात कर्ता हा पाचांपैकी एक आहे, सर्वेसर्वा नाही.

आता दोन हातांनी मिळून होणारे, शर्टाचे बटण लावण्याचे काम पाहावे. एका हाताची बोटे काज उघडे धरतात, दुसऱ्या हाताची बटण आडवे करून त्यातून सारतात. एकाचा जोर वाढला की दुसऱ्याला तो सावरावा लागतो. प्रत्येक हाताला आज्ञा जाते ती मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूकडून, आणि दोन्ही बाजूंचा मेळ कॉर्पस कॅलोसम या जाड तंतुपट्ट्यातून साधला जातो. पक्षाघातानंतर दुबळा हात हलवताना मेंदूची निरोगी बाजूही जास्त सक्रिय झालेली दिसते. ज्यांचा हात चांगला सुधारतो, त्यांच्यात बहुधा ही सक्रियता पुन्हा इजा झालेल्या बाजूकडे सरकते. ज्याला घरचे ‘चांगला हात’ म्हणतात, तोही बारीक कामात थोडा मंदावलेला असतो. दोन हातांचे काम म्हणजे दोन स्वतंत्र हातांची बेरीज नव्हे.

कर्तेपणाची जाणीवही फुटू शकते. लुळा हात हलतो आहे असे ठामपणे सांगणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेला जोसेफ बाबिन्स्कीने 1914 मध्ये नाव दिले. त्याआधी, 1908 मध्ये, कुर्ट गोल्डस्टाइनने स्वतःचा हात परका वाटणाऱ्या रुग्णेचे वर्णन केले होते. या दुसऱ्या विकारात कधी कधी एक हात बटण लावतो आणि दुसरा तेच काढतो.

न्याय-वैशेषिक म्हणेल, इच्छा आणि प्रयत्न हे आत्म्याचे गुण आहेत, बिघडले ते साधन. सांख्य म्हणेल, पुरुष, म्हणजे चैतन्य, मुळातच अकर्ता आहे. चार्वाकाला देहापलीकडे काही नकोच. मेंदूच्या चित्रांवरून यांपैकी एकाला विजयी ठरवणे हा उतावीळपणा आहे. एवढे मात्र नक्की, की ‘प्रयत्न’ ही एकसंध वस्तू नाही: इच्छा, आखणी, आज्ञा आणि ‘हे मी केले’ ही जाणीव यांपैकी एक ढासळून बाकीची टिकू शकतात.

म्हणून ‘मनावरच घेत नाही’ ही नातेवाइकांची तक्रार बहुतेक वेळा अन्यायाची असते. बहुतेक वेळा म्हणायचे, कारण एडवर्ड टॉब यांनी दाखवले की सुरुवातीला वारंवार अपयश आल्याने जमण्याजोगा हातही न वापरण्याची सवय जडते. त्यांच्या उपचारात चांगल्या हाताला मोजा घालून दुबळ्याकडून काम करून घेतात. 222 रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा दिसला. तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. पण मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येणे ही तिची प्रवेशाची अट होती. ज्यांना तेवढेही जमत नव्हते, त्यांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते.